जुनं दगडी वाचनालय आधुनिक कसं करतात? धाराशिवच्या वाचकांसाठी सोप्या भाषेत पूर्ण माहिती

"आमची लायब्ररी आता मॉडर्न झाली" असं कुणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लगेच एसी, वाय-फाय, चार्जिंग पॉइंट आणि भिंतीवरचा क्यूआर कोड येतो. इमारत नवी असेल तर एवढं पुरतं. पण इमारत शंभर वर्षांची, दगडाची आणि लाकडी छताची असेल तर हीच कामं चुकीच्या क्रमाने केल्यावर वाय-फाय चालू होतं आणि भिंत मात्र पोखरायला लागते.

मी धाराशिव जिल्ह्यातलाच. स्पर्धा परीक्षेच्या तयारीची काही वर्षं वाचनालयाच्या अभ्यासिकेत काढली, त्यामुळे तिथे काय लागतं आणि काय नसतं हे चांगलं माहीत आहे. आपल्याकडे जुनी इमारत दिसली की दोनच उपाय सुचतात. एक तर पाडून स्लॅब टाका, नाही तर ऑइल पेंट मारून उद्घाटन करा. या लेखात आपण तिसरा मार्ग पाहणार आहोत. इमारत तीच ठेवायची आणि वापर आजचा करायचा. त्यासाठी कामाचा क्रम एकच आहे: आधी कोरडी, मग सुरक्षित, मग स्मार्ट.

## आधी एक खरं उदाहरण: मुंबईचं डेव्हिड ससून ग्रंथालय

काळा घोडा भागातलं डेव्हिड ससून ग्रंथालय बऱ्याच जणांनी रीलमध्ये तरी पाहिलं असेल. सरकारी टांकसाळ आणि गोदीतल्या तरुण कारागिरांनी १८४७ मध्ये एक संस्था सुरू केली. पुढे डेव्हिड ससून यांनी इमारतीसाठी ६०,००० रुपये दिले आणि १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडात ही वास्तू उभी राहिली. म्हणजे हे मुळात काम करणाऱ्या तरुणांचं ग्रंथालय. २०१८ मध्ये मुंबईच्या ज्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात हीसुद्धा आहे.

अलीकडे वास्तुजतन तज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली तिचं मोठं काम झालं आणि २०२३ मध्ये ती वाचकांसाठी पुन्हा पूर्ण खुली झाली. त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांमध्येही तिचं नाव आलं.

आता मुद्द्याची गोष्ट. तिथलं सर्वात मोठं काम छताचं होतं. मागच्या शतकात मूळ उतरतं छप्पर काढून तिथे काँक्रीटचा सपाट स्लॅब टाकला होता. त्या काळात ते 'आधुनिकीकरण'च होतं! पुढे गळती आणि वजन दोन्ही डोक्याला ताप झाले. शेवटी तो स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवावं लागलं. एका पिढीने केलेलं अपग्रेड पुढच्या पिढीला पैसे खर्च करून उलटं करावं लागलं. आपल्या तालुक्याच्या वाचनालयाला हे दोनदा करणं परवडणार नाही, म्हणून पहिल्यांदाच नीट करायचं.

## पायरी १: मोजणी आणि नोंद

काम सुरू करण्याआधी इमारत आज जशी आहे तशी नोंदवून घ्यायची. मोठ्या प्रकल्पात यासाठी लेझर स्कॅनर वापरतात. तो खोलीत फिरून लाखो बिंदू मोजतो आणि इमारतीचं थ्रीडी मॉडेल तयार होतं. हे महाग असतं. पण याच कामाचा एक भाग तुमच्या फोनवर होऊ शकतो.

- फोटोग्रामेट्री: एकाच भिंतीचे बरेच फोटो काढायचे, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा अर्ध्याहून जास्त भाग आला पाहिजे. ॲप हे फोटो जोडून थ्रीडी मॉडेल बनवतं.
- भेगांची नोंद: भेगेशेजारी फूटपट्टी धरून, दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. तारीख फाइलच्या नावातच टाका.
- प्लास्टरची पट्टी: भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची छोटी पट्टी आडवी लावून त्यावर तारीख लिहितात. काही महिन्यांनी पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे. ही जुनी आणि स्वस्त पद्धत इंजिनिअरही वापरतात.

आपल्याकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. पायाखाली अशी माती असेल तर भेग वर्षभरात लहानमोठी होते. म्हणून एका भेटीत निदान होत नाही, किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघावा लागतो.

## पायरी २: इमारत कोरडी करणे

पुस्तकांचा पहिला शत्रू पाणी आहे. त्यामुळे छप्पर, पन्हाळी आणि जोत्याभोवतीचा उतार ही कामं सगळ्यात आधी.

इथे सिमेंटबद्दल थोडं सविस्तर सांगतो. जुन्या भिंती दगड आणि चुन्याच्या किंवा दगड आणि मातीच्या असतात. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि सांध्यांतून हळूहळू बाहेर उडून जाते. वरून सिमेंटचा गिलावा मारला की हा रस्ता बंद होतो. ओल आतच अडकते, वर चढत राहते, क्षार बाहेर येतात आणि एक दिवस प्लास्टरचा पापुद्राच सुटतो. एका गावातल्या वाचनालयात मी हे बघितलं आहे. दोन पावसाळ्यांत गुलाबी रंगाचे फुगे आले आणि खालचं कपाट वाळवीने खाल्लं.

उपाय म्हणजे दगडांमधल्या सांध्यांत, ज्याला गवंडी दरजा म्हणतात, चुन्याचाच माल भरायचा. "चुना टिकतो का?" असं कुणी विचारलं तर त्याला नळदुर्गला घेऊन जा. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला पाणी महाल सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. दगड-चुन्याचं ते काम आजही पुराचं पाणी अंगावर घेतंय.

भिंतीत चुना आहे की माती, हे ओळखायची सोपी खूण आहे. सांध्यातला सुटलेला तुकडा पाण्यात टाका. मातीचा लगेच गाळ होतो, चुन्याचा तुकडा टिकतो. हा फक्त अंदाज. पक्कं प्रयोगशाळेतच कळतं.

## पायरी ३: भूकंपाचा विचार

आपल्या जिल्ह्यात हा भाग टाळताच येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूरबरोबर आपल्याकडच्या उमरगा-लोहारा भागातली, सास्तूरसारखी गावं उद्ध्वस्त झाली. हजारो माणसं गेली. त्यातली बहुतेक स्वतःच्याच घरात, दगडांखाली गाडली गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग सर्वात कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या क्षेत्रात आला.

घरं का पडली, हे समजलं तर वाचनालय कसं वाचवायचं तेही समजतं.

- जाड भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते, मध्ये माती आणि गोटे भरलेले. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने पदर वेगळे झाले.
- वर माळवद. लाकडी तुळया, किलचण आणि त्यावर मातीचा जाड थर. गळायला लागलं की आणखी माती टाकायची, त्यामुळे वजन वर्षानुवर्षं वाढत गेलं.
- कोपऱ्यात भिंती एकमेकींत नीट गुंफलेल्या नव्हत्या.

म्हणून जुन्या दगडी इमारतीचं बळकटीकरण करताना ठरावीक कामं करतात. भिंतीत ठिकठिकाणी भोकं पाडून दोन्ही पदर आरपार बांधले जातात. दरवाजा-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सळईच्या जाळीचा पट्टा सगळ्या भिंतींवरून फिरवतात. माळवदावरची जादा माती उतरवतात आणि तुळया भिंतीला बांधून घेतात. दगडविटांच्या इमारतींसाठी आयएस १३९३५ हे भारतीय मानक यासाठीच आहे. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यायचं, कंत्राटदाराच्या अंदाजावर सोडायचं नाही.

### पुस्तकांचं वजन किती असतं?

घराची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून डिझाइन करतात. वाचनकक्षाला ३०० ते ४०० किलो आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६०० किलो धरावे लागतात. म्हणजे वाड्याच्या लाकडी माडीवर लोखंडी रॅक भरून ठेवणं धोक्याचं. सोपा नियम लक्षात ठेवा: पुस्तकं तळमजल्यावर, वाचक वर. अर्थात वर जाणाऱ्यांची संख्यासुद्धा इंजिनिअरला विचारूनच ठरवायची.

## पायरी ४: वीज आणि आग

जुन्या वायरिंगवर एसी, फोन चार्जर आणि लॅपटॉप लावणं म्हणजे कागदाच्या गोदामात निखारा ठेवणं. इथे जुगाड चालत नाही.

- मीटरपासून नवं वायरिंग, वेगवेगळ्या सर्किटला एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी.
- अर्थिंगची तपासणी उन्हाळ्यात. आपल्याकडची जमीन तेव्हा खडखडीत कोरडी असते, त्यामुळे अर्थिंग कमजोर पडायचा धोका तेव्हाच जास्त.
- वायर भिंत फोडून आत घालायची नाही. पाइपमधून बाहेरूनच न्यायची. स्क्रू दगडात न मारता दरजेत मारायचा. उद्या काढला तर चुन्याने भोक बुजवता येतं, फुटलेला दगड परत जोडता येत नाही.
- धुराचा सेन्सर आणि योग्य प्रकारचे अग्निशामक सिलिंडर. ते चालवायला निदान दोन कर्मचारी शिकलेले हवेत.
- एलईडी दिवे. त्यांची उष्णता कमी आणि पुस्तकांना घातक अतिनील किरणंही नगण्य.

एसीबद्दल बोलायचं तर जाड दगडी भिंती आणि उंच छत यामुळे या इमारती मुळातच थंड असतात. आधी बंद पडलेल्या झरोक्यांची आणि खिडक्यांची दुरुस्ती करा. दिवसा एसी आणि रात्री बंद, या चढउताराने कागद आणखी खराब होतो.

## पायरी ५: वाय-फाय आणि सॉफ्टवेअर

आता तुमच्या आवडीचा विषय! दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या पाषाणाच्या भिंतीतून वाय-फाय जवळपास जातच नाही. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतीला लवकर हरतो. २.४ गिगाहर्ट्झचा थोडा पुढे जातो, पण पाषाणापुढे त्याचीही दमछाक होते. त्यामुळे महागडा एकच राउटर घेऊन उपयोग नाही. प्रत्येक खोलीत छोटा ॲक्सेस पॉइंट आणि तिथपर्यंत लॅनची केबल हवी. पॉवर ओव्हर इथरनेट तंत्राने त्याच केबलमधून वीजही जाते. वेगळी वायर नाही, वेगळं भोक नाही.

पुस्तकांच्या नोंदीसाठी दोन नावं लक्षात ठेवा.

- कोहा: हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालयासाठी बनलं आणि २००० पासून वापरात आलं. त्यात मराठी नोंदी करता येतात.
- ई-ग्रंथालय: केंद्र सरकारच्या एनआयसीने बनवलेलं सॉफ्टवेअर.

दोन्हींमुळे वाचकाला घरबसल्या फोनवर पुस्तक आहे की गेलं हे कळू शकतं. सुरुवातीला बारकोड पुरे. आरएफआयडीचा खर्च छोट्या वाचनालयाने नंतरसाठी ठेवावा, तोच पैसा छतावर लावावा.

## पायरी ६: दुर्मिळ पुस्तकं स्कॅन करणे

आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या जुन्या कपाटांत मराठीबरोबर उर्दू छापील पुस्तकं आणि मोडी कागद निघू शकतात. वाचता येत नाही म्हणून ते रद्दीत देऊ नका!

स्कॅनिंग किमान ३०० डीपीआयवर करा, मूळ प्रत टिफ फाइलमध्ये आणि वाचकांसाठी पीडीएफ. जुनं पुस्तक सपाट दाबून उघडायचं नाही, कणा मोडतो. उशीवर ठेवून जेवढं उघडेल तेवढंच उघडायचं. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने 'ग्रंथ संजीवनी' नावाने आपला दुर्मिळ संग्रह ऑनलाइन आणला आहे, तो नमुना म्हणून बघा.

कॉपीराइटचं भान ठेवा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं हक्क चालू असतो. त्याआधी पूर्ण पुस्तकाची पीडीएफ ग्रुपवर टाकता येत नाही.

मूळ पुस्तकं स्कॅननंतरही जपायची. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ६५ च्या वर गेली की बुरशीचा धोका. आर्द्रता मोजणारं छोटं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं. कसर लागू नये म्हणून वेखंडाची पुरचुंडी ठेवायची आपली जुनी पद्धत आजही चालते.

## पायरी ७: इमारत सगळ्यांची करणे

मला विचाराल तर खरी परीक्षा इथे आहे. जोतं दोन फूट उंच, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर असेल, तर १:१२ उताराने रॅम्पला ७.२ मीटर लांबी लागते. उगाच चार फुटांची घसरगुंडी करून "रॅम्प केला" म्हणता येत नाही. दगडी पायऱ्या न फोडता बाजूने लोखंडी रॅम्प उभा करायचा, म्हणजे उद्या काढताही येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार सार्वजनिक इमारतीत अशी सोय हा हक्क आहे. अंध वाचकांसाठी एका संगणकावर एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर टाकायला फार खर्च नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृह. मुलींसाठी स्वच्छ, उजेडाचं स्वच्छतागृह नसेल तर त्या चार तास बसूच शकत नाहीत, मग इंटरनेट कितीही फास्ट असो. पण ते जुन्या इमारतीत घालू नका. नळ गळला की भिंत गेली. आवारात वेगळी छोटी इमारत बांधा. रात्री उशिरापर्यंतची अभ्यासिकाही जमलं तर तिथेच करा, म्हणजे जुन्या वास्तूवर गर्दी आणि वीज दोन्हींचा ताण कमी.

## पैसा कुठून येतो?

- ग्रंथालय संचालनालय: महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ नुसार मान्यताप्राप्त वाचनालयांना अ, ब, क, ड दर्जानुसार अनुदान मिळतं.
- राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान, कोलकाता: पुस्तकं, फर्निचर, संगणक आणि इमारतीसाठी योजना.
- सीएसआर: कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तूंचं पुनरुज्जीवन आणि सार्वजनिक ग्रंथालयं ही दोन्ही कामं स्पष्ट लिहिलेली आहेत. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाच्या कामाला टीसीएसने अशीच मदत केली होती.

अर्ज करताना पायरी १ ची नोंद सर्वात उपयोगी पडते. "इमारत जुनी आहे, मदत करा" यापेक्षा "ही भेग एका वर्षात एवढी वाढली, हे फोटो" या वाक्याचं वजन जास्त असतं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमची इमारत 'हेरिटेज' यादीत नाही. मग?
यादीत नसलेली इमारत पाडायला अडवणारा वारसा कायदा सहसा नसतो. तिला वाचवायचं की नाही हे विश्वस्त आणि सभासद ठरवतात. मतदानाचा हक्क असलेले सभासद व्हा आणि वार्षिक सभेला जाऊन बसा.

जवळ संरक्षित किल्ला किंवा लेणी असेल तर?
केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. अशा स्मारकाजवळ काम सुरू करण्याआधी हे तपासा.

जागाच पुरत नसेल तर?
मग संग्रह हलवणं हाही प्रामाणिक पर्याय आहे. १८३२ पासूनचा वारसा असलेलं गोव्याचं मध्यवर्ती ग्रंथालय पणजीच्या पाटो भागातल्या नव्या संस्कृती भवनात गेलं. जुनी वास्तू वाचनकक्ष किंवा स्थानिक इतिहासाचं दालन म्हणून ठेवता येते.

मी एकटा काय करू शकतो?
येत्या पावसात तुमच्या वाचनालयात जा. छत कुठे गळतं, पाणी कुठे साचतं, ओल भिंतीवर किती उंच चढली आहे, याचे फूटपट्टीसह फोटो काढा. तारीख टाकून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ग्रंथपालांना दाखवा. पुढे इंजिनिअर आला की तो पहिला प्रश्न हाच विचारेल, "पावसाळ्यात इथे नेमकं काय होतं?" तेव्हा उत्तर तुमच्या फोनमध्ये तयार असेल.